बुडालेल्या गावाचा चार्ज

"ओ बाई, भिंतीतनं चाललायसा!"

मी जागच्या जागी थांबले. आजूबाजूला पाहिलं, तर भिंत कुठेच नव्हती. पायाखाली वाळून तडकलेला गाळ, पुढे हाकेच्या अंतरावर काही खोपटी, त्यांच्यापलीकडे धरणाचं उरलंसुरलं पाणी आणि त्या पाण्यात एका पायावर उभे असलेले रोहित पक्षी. एप्रिलच्या उन्हात ते सगळंच थोडं थोडं हलत होतं.

"कुठली भिंत?" मी विचारलं.

"बाबू सुताराची. तुमी उभ्या हाईसा ते त्याचं माजघर. दार उगवतीला हाय, वळसा घालून या."

बोलणारा म्हातारा डोक्याला टॉवेल गुंडाळून एका दगडावर बसला होता. मी सत्तावीस वर्षांची, अंगावर पांढरी साडी, हातात औषधांची पेटी, आणि सकाळपासून नऊ किलोमीटर चालून आलेली. खरं तर मी चिडायला हवं होतं, माझा स्वभावही तसाच होता. पण का कोण जाणे, मी मुकाट्यानं मागे फिरले, बाबू सुताराच्या नसलेल्या घराला वळसा घातला आणि नसलेल्या गल्लीतून त्याच्यापर्यंत गेले.

"आता कसं," तो म्हणाला. "बसा. मी केरबा ढगे. तात्या म्हनत्यात."

या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली. माझी निवृत्तीही आता जवळ आली आहे. तेव्हा मी टाकळवणच्या उपकेंद्रात आरोग्य सेविका होते, नोकरीला उणेपुरे आठ महिने झालेले. टाकळवण म्हणजे नवं टाकळवण, माळावर सरकारनं आखून दिलेलं. जुनं टाकळवण धरणात गेलं त्याला त्या वेळी वीसेक वर्षं झाली होती. त्या दुष्काळी साली पाणी इतकं खाली गेलं, की ते गाव तळातून वर आलं. घरं नव्हती, पण घरांची दगडी जोती होती. चावडीचा ओटा होता, वेशीची एक बाजू होती.

आणि माणसं परत आली. धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीत पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. त्यासाठी माळावरची तीस-चाळीस घरं टरबूज-काकडी लावायला खाली उतरली. मासेमारी करणारी भोई मंडळीही आली. मला गंमत वाटायची ती पुढेच होती. एवढं मैदान मोकळं पडलेलं, पण प्रत्येकानं आपलं खोपट उभारलं ते आपल्या जुन्या जोत्यावर, दाराला दार ठेवून. गल्ल्या होत्या तिथेच सोडल्या. कोणी कोणाच्या भिंतीतून जात नसे. ज्या सुनांनी हे गाव जन्मात पाहिलं नव्हतं, त्याही डोक्यावर हंडा घेऊन काटकोनात वळायच्या. भोयांनी वेशीबाहेर वस्ती केली, कारण पूर्वी ते तिथेच असायचे. मीही पाच-सहा फेऱ्यांत त्या गल्ल्या शिकले आणि कोपरा आला की वळू लागले. दुपारच्या उन्हात कधी कधी मला त्या भिंती दिसायच्यासुद्धा. हे मी डॉक्टरांना कधी सांगितलं नाही.

चावडीपुढे विहीर होती, घडीव दगडांची. ती पाण्यातून वर आली तीच काठोकाठ भरलेली. सगळे तिचंच पाणी प्यायचे. पहिलं बिऱ्हाड उतरलं त्या दिवशी तात्यांनी स्वतः पहिली बादली शेंदली आणि प्रत्येकाच्या ओंजळीत स्वतःच्या हातानं पाणी घातलं. पहिल्याच भेटीत हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

"तुमच्या टाकीच्या पान्याला चव न्हाई. ह्ये पिऊन बघा."

मी प्यायले नाही. धरणात वरून कुठल्या कुठल्या शहरांचं काय काय येतं, ते मला माहीत होतं. "घोटभर पिऊन आलेय घरून," असं म्हणून मी हसण्यावारी नेलं. विहिरीत औषध टाकतं का कोणी, एवढंसुद्धा विचारलं नाही. तेव्हा कोणी आजारी नव्हतं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वस्तीवरून निरोप आला, जुलाब लागलेत. मी पोचले तेव्हा भोयांची गजराबाई खोपटात पडली होती. डोळे खोल गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर धरलेलीच राहत होती. सातवा महिना होता तिला. जुलाब कसे, विचारलं तर तिची सासू म्हणाली, "भाताच्या पेजंवानी." प्रशिक्षणात बाईंनी कॉलऱ्याची खूण म्हणून हेच शब्द सांगितले होते.

त्या दिवशी अकरा रुग्ण निघाले. मी जलसंजीवनीच्या पुड्या कालवल्या, कसं पाजायचं ते बायकांना दाखवलं, आणि माळावर निरोप धाडून दवाखान्याची जीप बोलावली. डॉक्टरांनी ती तासाभरात पाठवली, हे कबूल करायला हवं. गजराबाई आणि दोन म्हातारी माणसं दवाखान्यात गेली. मग मी विहिरीवर आले, पाण्याचा नमुना काचेच्या नळीत घेतला आणि औषधाचे थेंब टाकले. पाण्यात जंतू मारणारी पावडर असेल तर नळीत पिवळा रंग येतो. रंग आला नाही, पाणी नुसतं स्वच्छ दिसत राहिलं.

"निवळशंख हाय की," तात्या वाकून म्हणाले.

"तेच वाईट आहे, तात्या. पिवळं व्हायला हवं होतं. ह्या विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकायला हवी, आजच्या आज. नाहीतर माणूस दगावेल."

तात्या विहिरीकडे बघत राहिले. मग आपल्या तळहातांकडे बघितलं.

"मी पाजलं समद्यास्नी," ते म्हणाले.

मी पेटीतून लाल कार्ड काढलं. आमच्याकडे पद्धत होती: पाणी चांगलं असेल तर गावाला हिरवं कार्ड, धोक्याचं असेल तर लाल. कार्ड ग्रामपंचायतीला द्यायचं, पोच म्हणून सही घ्यायची, आणि मग विहिरीत औषध टाकणं ही पंचायतीची जबाबदारी. पावडरही पंचायतच घेते. आम्ही फक्त तपासायचं.

"कंच्या पंचायतीला देनार?" तात्यांनी विचारलं.

जुन्या टाकळवणची पंचायत वीस वर्षांपूर्वीच मोडीत निघाली होती.

"नव्या टाकळवणला देते," मी म्हणाले. "तुमचा मुलगाच तर सरपंच आहे. तोवर पाणी उकळून प्या."

"उकळायला जळान कुटलं आनायचं, बाई? तळ्याच्या बुडाला झाड असतंय व्हय?"

निघताना त्यांनी आणखी एक विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती.

"ते औशद इहिरीत टाकाया तुमास्नी येतंय का?"

"येतं की. पण ते मी टाकायचं नसतं. मला तो अधिकार नाही."

"आसं व्हय," तात्या म्हणाले.

ग्रामपंचायतीच्या कचेरीत शिरताच नाकाला पावडरचा उग्र वास आला. दाराच्या कोपऱ्यात दोन पोती उभी होती, एक फोडलेलं, एक कोरं. ग्रामसेवक पिसाळभाऊसाहेब टेबलामागे आणि सरपंच सुदाम ढगे खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मी कार्ड पुढे केलं. पिसाळांनी ते हातात न घेता, मान वाकडी करून, मी धरलं होतं तसंच वाचलं.

"सिस्टर, ही विहीर आमच्या हद्दीत नाही. ते संपादित क्षेत्र आहे, पाटबंधारे खात्याचं. मी पोच दिली तर उद्या तिथली गटारं, तिथले दिवे, सगळं माझ्या गळ्यात येईल."

"तिथं गटारं नाहीत, भाऊसाहेब. दिवेही नाहीत. तिथं तुमच्याच गावची माणसं आहेत."

"माणसं आमची. जागा आमची नाही."

मी सुदामकडे पाहिलं. "तुमचे वडील तेच पाणी पितात."

सुदाम खिडकीतून बाहेर बघत होता. "गेली चार वर्षं ह्या गावाला लाल कार्ड लागलेलं नाही, सिस्टर. पुढच्या महिन्यात स्वच्छ गावाच्या तपासणीला कमिटी येतीय. आन् तात्यांना मी पन्नासदा सांगितलं, ते गाव राहिलं नाही, माळावर या. ते ऐकत नाहीत." मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही तालुक्याला विचारून बघा ना."

मी चहा घेऊन निघाले. पोती कोपऱ्यातच होती.

दुसरा दिवस तालुक्यात गेला. तो दिवस आठवला की मला अजूनही झोपेत चालल्यासारखं वाटतं. सगळे दरवाजे उघडे होते, सगळी माणसं गोड बोलत होती, आणि मी कुठेच पोचत नव्हते. आधी आमचे डॉक्टर. "आजारी माणसं आणा, एकूणएक बघतो," ते म्हणाले, आणि खरोखरच बघत होते, शर्ट घामानं भिजलेला. "पण विहीर माझ्याकडे नाही. मी पत्र देतो." पंचायत समितीत सांगितलं, की टँकर लगेच मंजूर करू, फक्त ग्रामपंचायतीचा ठराव आणा. पाण्याची बाटली तपासणीला दिली, ती राज्य सरकारच्या प्रयोगशाळेत जिल्ह्याला जाणार होती आणि अहवाल आठ दिवसांनी येणार होता. पाटबंधाऱ्याच्या शाखा अभियंत्यांनी मला पंख्याखाली बसवलं.

"जमीन आमची, पाणीही आमचं," ते म्हणाले, "पण शेतीचं पाणी. पिण्याचं पाणी हा आमचा विषयच नाही. शिवाय तिथं वस्ती करायला बंदी आहे. मी हे कार्ड घेतलं, तर तिथं माणसं राहतात हे मी मान्य केल्यासारखं होईल."

"राहतात ना, साहेब. मी रोज जाते."

"तुम्ही जा. तुम्ही जाण्याला माझी हरकत नाही."

तिथेही चहा झाला. संध्याकाळपर्यंत माझे पाच चहा झाले होते. कार्ड कोणी हातात घेतलं नव्हतं, आणि वाईट तर मला कोणीच वागवलं नव्हतं.

अभियंत्यांनी एक मात्र सांगितलं होतं: दोन जिल्ह्यांची हद्द नदीच्या मधोमध जाते, विहीर कदाचित पलीकडच्या जिल्ह्यात असेल. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी मी थेट नदीवर गेले. धरणाच्या पोटात आटून आटून ती मूळची बारीक नदी उरली होती, गुडघ्याएवढी. पलीकडच्या काठावर सायकल धरून त्या जिल्ह्याचा आरोग्य सेवक उभा होता. त्यालाही कुणकुण लागली असावी.

"सिस्टर!" तो ओरडला. "विहीर तुमच्या बाजूला येते!"

"हद्द नदीच्या मधून जाते म्हणतात!" मी ओरडले.

"बरोबर! पण कुठल्या नदीच्या? ही आत्ता वाहते तिच्या, का धरणाआधी वाहायची तिच्या?"

"धरणाआधी कुठून वाहायची?"

"ते नकाशा बघून सांगावं लागेल!"

आमच्यामधून रोहित पक्ष्यांचा एक थवा संथपणे चालत गेला, इकडून तिकडे. तो भला माणूस होता. त्यानं पिशवीतून जलसंजीवनीच्या पन्नासेक पुड्या काढल्या, पँट वर दुमडून मध्यापर्यंत आला, माझ्या हातात दिल्या आणि परत फिरला. कार्ड मी पुढे केलं, तेव्हा त्यानं दोन्ही हात मागे घेतले, विस्तव बघितल्यासारखे.

वस्तीवर आले तर रुग्ण अठरा झाले होते. दवाखान्यात नेलेल्यांपैकी एक म्हातारी पहाटे गेली, असं कळलं. गजराबाई जगली होती, पोटातलं राहिलं नव्हतं. तिची सासू जोत्यावर बसून रडत होती आणि शेजारी तोच हंडा भरून ठेवलेला होता.

मी विहिरीच्या काठावर मटकन बसले. तात्या तिथेच होते. चेहरा उतरला होता, ओठ कोरडे पडले होते. मला वाटलं, उन्हानं असेल. अठरा रुग्ण तपासणारी मी, एकोणिसाव्याकडे निरखून पाहिलं नाही.

"कुनी घेतलं का कारड?"

"नाही, तात्या. कुणाचंच नाही ते." मी म्हणाले. "सगळे म्हणतात, आमचं नाही."

"द्या हिकडं," तात्या म्हणाले.

"तुम्हाला कसं देऊ? सरपंचाला द्यावं लागतं."

"गाव बुडालं तवा सरपंच कोन हुतं, ठावं हाय का? मी. मानसं माळावर गेली, ट्रका भरून. मी चावडीत दोन दिस बसून ऱ्हायलो, चार्ज घ्याया कोनतरी ईल म्हून. सायेब येतील, सही घेतील, शिक्का घेतील. कुनी आलंच न्हाई. पानी आलं." त्यांनी हात पुढे केला. "म्या चार्ज कुनाला दिल्याला न्हाई, बाई. म्हंजी तो माज्याकडंच हाय. आना कारड."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. मी कार्ड दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, गुडघ्यावर ठेवलं आणि माझ्या पेनानं पोचेच्या जागी सावकाश सही केली: केरबा नाना ढगे, सरपंच, टाकळवण.

"आता सांगा. सरपंचानं काय करायचं असतंय?"

मी कार्डाच्या मागचं वाचून दाखवलं. पाणी वापरणं बंद करावं, गावात दवंडी द्यावी, औषध टाकून पुन्हा तपासून घ्यावं. ते एकेका वाक्याला मान डोलावत होते. मग उठले. परातीवर चमचा वाजवत सगळ्या गावातून गेले, गल्लीगल्लीनं, वेशीबाहेर भोयांच्या वस्तीपर्यंत. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून म्हणायचे, "ऐका हो! चावडीच्या इहिरीचं पानी सरपंचानं बंद केलंय! औशद पडंस्तवर कुनी पिऊ नगा!" ऐकणारं कोणी नाही अशा मोकळ्या जोत्यांसमोरही थांबले. मी त्यांच्या मागून चालत होते, आणि मला खोटं वाटत नव्हतं. उलट माळावरचं गाव, तालुक्याच्या कचेऱ्या, पंख्याखालचा तो चहा, तेच सगळं कुणाच्या तरी स्वप्नातलं वाटत होतं.

मग बैलगाडी जोडली आणि आम्ही माळावर गेलो. वाटेत तात्या दोनदा गाडी थांबवून उतरले, बांधाआड गेले. "म्हातारपन," म्हणाले.

कचेरीच्या दारात त्यांनी टॉवेल डोक्यावर नीट बसवला. आत सुदाम आणि पिसाळ होते. तात्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं.

"राम राम, सरपंच सायेब," तात्या आपल्या मुलाला म्हणाले.

सुदाम उभा राहिला. "तात्या, हे काय चाललंय?"

"मी टाकळवणचा सरपंच. आमच्या गावात साथ हाय. पावडरचं एक पोतं उसनं पायजे. शेजारचं गाव म्हून आलोय."

"तात्या, ते गाव नाही राहिलं! किती वेळा सांगू?"

"मग आज पहाटं म्हातारी मेली ती कुठल्या गावची?" तात्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुजी आय ज्या घरात बाळंत झाली, तिथं मी रातचा निजतो. ते घर न्हाई, ठीक. मानसं हाईत का न्हाईत?"

सुदामचं तोंड लाल झालं. तो काही बोलायच्या आत पिसाळभाऊसाहेबांनी कार्ड उचललं. स्वतःहून उचललं! चष्मा लावून सही वाचली, हुद्दा वाचला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी सुटका पसरली, की मला आजही ती दिसते.

"साथीच्या काळात शेजारील ग्रामपंचायतीस साहित्य उसनवार देणे," ते पुटपुटले. "हे बसतं. सरपंचाची मागणी आहे, कार्डाची पोच आहे. बसतं की हे!" ते वाईट नव्हते. कागदाच्या पलीकडच्या टोकाला त्यांना कोणीतरी माणूस हवा होता, एवढंच.

"ते गाव कागदावर नाही, भाऊसाहेब," सुदाम म्हणाला.

"सही तर आहे," पिसाळ म्हणाले.

कोरं पोतं सुदामनंच पाठीवर घेऊन गाडीत टाकलं. इस्त्रीच्या शर्टावर पांढरा पट्टा उमटला. मग तो गाडीत चढला आणि वडिलांच्या समोर बसला.

ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही विहिरीवर पोचलो. बादलीत पावडर कशी कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी तेवढं विहिरीत सोडायचं, हे मी सांगत होते आणि सुदाम करत होता. पोहऱ्यानं विहीर ढवळली. सगळं गाव, म्हणजे सगळी खोपटी, गल्ल्यांच्या तोंडाशी उभी होती. अर्ध्या तासानं मी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, आणि नळी उन्हाकडे धरली. पिवळा रंग आला, हळदीच्या पाण्यासारखा. बायकांच्यात कुजबूज झाली. गजराबाईची सासू पुढे आली आणि तिनं त्या नळीला हात जोडले.

मी तात्यांना दाखवायला वळले. ते चावडीच्या ओट्याला टेकून खाली बसले होते. धोतर भिजलं होतं.

"कधीपासून?" मी ओरडलेच.

"आज सकाळधरनं."

"तुम्ही हे पाणी प्यायलात? मी पहिल्या दिवशी सांगून गेले होते!"

"तुमी कागद आनाया गेलता न्हवं," ते धाप टाकत म्हणाले. "कागद आल्याबिगर लोकांस्नी कसं सांगू, पिऊ नगा म्हून? आन् लोक पित्यात तर मी कसा सोडू? मीच पाजल्यालं."

म्हणजे तीन दिवस. मी सह्यांसाठी हिंडले ते तीन दिवस. कोपऱ्यातल्या फोडलेल्या पोत्यातून मी पिशवीभर पावडर पहिल्याच दिवशी उचलली असती, तर कोणी माझा हात धरला नसता. फार तर नोटीस आली असती. हे मला तेव्हा, तिथे, ती पिवळी नळी हातात असताना कळलं, आणि त्यानंतर एकही दिवस असा गेला नाही की ते मी विसरले.

तात्या तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारले. जुलाब थांबले होते, पण वयाला ते झेपलं नाही. जाण्याच्या आदल्या दुपारी ते पूर्ण शुद्धीवर होते. खिडकीतून ऊन आत आलं होतं, सलाइनच्या बाटलीतलं पाणी भिंतीवर हलत होतं. सुदाम स्टुलावर बसला होता. दोन दिवसांत त्यानं दाढी केली नव्हती.

"कागद घे," तात्या त्याला म्हणाले. "चार्ज लिहून घे."

"तात्या, पडून राहा."

"घे म्हंतो न्हवं."

सुदामनं केसपेपरची कोरी बाजू पुढे ओढली. तात्या डोळे मिटून सांगू लागले. सांगताना त्यांची बोटं चादरीवर चालत होती, जणू ते एकेका गल्लीत वळत होते. चावडीपुढची विहीर, औषध टाकलेली. चावडी, छप्पर नाही. वेस, निम्मी. घरं एकशे बारा. बाबू सुताराच्या माजघरातली एक तुळई, ती त्याला परत द्यायची राहिली आहे. सुदाम लिहीत होता. मध्येच त्याचं पेन थांबलं, त्यानं मनगटानं डोळे पुसले आणि पुन्हा लिहायला लागला.

"मानसं," तात्या म्हणाले आणि अडले. "मानसं किती, बाई?"

"एकशे ऐंशी," मी म्हणाले. "भोयांची धरून."

"भोयांची धरूनच. एकशे ऐंशी लिही. आता सही कर."

सुदाम ढगेनं सही केली. ज्या गावाला तो इतके दिवस नाही म्हणत होता, त्याचा चार्ज घेतला.

"तारीख घाल," तात्या म्हणाले. त्यानं तारीख घातली.

"साक्षीदार लागतो."

सुदामनं पेन माझ्याकडे दिलं. मी वाकले आणि सवयीनं लिहिलं. हेमलता बोडके, आरोग्य सेविका, उपकेंद्र टाकळवण.

"काय लिवलं?" तात्यांनी विचारलं. सुदामनं वाचून दाखवलं.

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. डोळ्यांत राग नव्हता. असता तर मला पुढचं आयुष्य सोपं गेलं असतं.

"हुद्दा खोडा, बाई," ते म्हणाले. "त्याला अधिकार न्हाई म्हनलासा न्हवं. नुसतं नाव ऱ्हाऊ द्या."

मी हुद्दा खोडला.